कॅम्परमध्ये मरीन डीप सायकल बॅटरी: वर्षभर वापरून सांगतोय

जुनी व्हॅन घेऊन मागं बेड आणि ओटा करून घेतलाय. आईला इन्सुलिन लागतंय, मग कुठं मुक्कामाला जायचं म्हटलं की फ्रीज पाहिजेच, त्यासाठी 12 व्होल्ट 100 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती साठवते त्याचं माप) मरीन डीप सायकल, म्हणजे बोटीत वापरतात तसली, बॅटरी बसवली. गाडीच्या स्टार्टर बॅटरीच्या प्लेटा पातळ, एकदम जोरात करंट द्यायला चांगल्या पण रोज खाली करून भरली की लवकर मरतात, हिच्या प्लेटा जाड, तासन्‌तास हळूहळू देत बसते. ड्युअल पर्पज लिहिलेली मिळाली तर ती मधली जात आहे, लेबल नीट बघून घ्या.

आता मेन गोष्ट. 100 लिहिलंय म्हणून 100 धरू नका, अर्ध्याच्या खाली नेली की आयुष्य कमी होतंय, म्हणजे हातात 50. आमचा फ्रीज 45 वॅटचा, दिवसभरात निम्मा वेळ जरी चालला तरी 45 एएच तोच खातो, वर फॅन आणि लाईट. यल्लमाला सौंदत्तीला दोन मुक्काम केले, दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रीजचा कंप्रेसर थांबलेला असताना मीटर बघितला तर 12.1 व्होल्ट, म्हणजे अर्धी संपली की ओ! तासभर इंजिन उभ्यावर चालू ठेवलं, फारसं काय भरलं नाही, अन् शेवटचा भाग तर लई सावकाश भरतोय.

पहिल्या ट्रिपला वेगळाच घोळ झालेला. वायरिंगवाल्यानं बारीक वायर टाकून दिली, बॅटरीवर 12.5 दाखवतंय आणि फ्रीज मात्र कंप्रेसर सुरू होतानाच कट होतोय, कारण करंट ओढला की वायरीतच व्होल्टेज पडत होतं. त्या रात्री इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवली, मला झोप नाही. परत येऊन 10 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकला, तेव्हापासून फ्रीज एकदाही बंद पडला नाही.

आमची पाणी घालायची आहे, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बेडखाली झाकणाची पेटी करून तिचा पाईप बाहेर काढलाय. हे टाळू नका, माणसं वरच झोपतात. टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली की खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसतो, त्यावर व्हॅसलीन.

पावसाळ्यात गाडी तीन आठवडे अर्ध्या चार्जवरच उभी राहिली ती चूक माझी, तेव्हापासून बॅटरी आधीएवढी टिकत नाही. आता घरी आलो की पहिलं चार्जर लावतो, 14.4 व्होल्टपर्यंत जाऊ देतो.

रोज गाडी चालणार असेल, चोर्लातून गोवा किंवा आंबोली-वेंगुर्ला असं, तर बिनधास्त घ्या. एकाच जागी दोन-तीन दिवस थांबणार असाल तर दोन बॅटऱ्या लावा नाहीतर लिथियमचं बघा, महाग आहे पण वजनाला निम्मी. आम्ही पुढच्या यात्रेआधी दुसरी लावतोय.