नेक्सस मॉड्स: मॉड बनवणारीच्या बाजूने

स्कायरिम या व्हिडिओ गेमसाठी पहिला मॉड, म्हणजे खेळाडूने स्वतः बनवलेली गेममधली भर किंवा बदल, तयार झाला की तो टाकायचा कुठे, असं मला नेहमी विचारलं जातं. मी आजही नेक्सस मॉड्सचंच नाव घेते. २००१ मध्ये मॉरोविंड या गेमच्या चाहत्यांसाठी सुरू झालेली ही साइट आज हजारो गेम्सचे मॉड्स सांभाळते. खातं फुकट, डाउनलोड फुकट. प्रीमियमचे पैसे भरले की वेग वाढतो आणि जाहिराती जातात. या बाजूने भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते मॉड बनवणाऱ्यांच्या बाजूने: आपण बनवलेल्या वस्तूवर इथे आपलं किती चालतं?

मी कोल्हापूरची. मर्दानी खेळांत लहानपणापासून पाहिलेला दांडपट्टा मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभा केला: लांब लवचीक पातं, हात झाकणारा खोबळा आणि आत धरायची आडवी मूठ. गेमच्या लेखी ती एकहाती तलवार, त्यामुळे हात वळला की खोबळा मनगटातून आरपार जायचा. तो नीट बसवण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. एवढं केल्यावर फाइल कुणीही उचलावी आणि स्वतःच्या नावावर खपवावी, हे मला चालणार नव्हतं.

नेक्ससवर प्रत्येक मॉडच्या पानावर परवानग्या आणि श्रेयांचा एक भाग असतो. वरवर साधा तक्ता, पण इतका बारकाईने विचार केलेला दुसरा तक्ता मी या क्षेत्रात पाहिलेला नाही. ही फाइल दुसऱ्या साइटवर टाकता येईल का? तिच्यात बदल करून नवी आवृत्ती काढता येईल का? दुसऱ्या गेमसाठी कन्व्हर्ट करता येईल का? आतले मेश (वस्तूचा थ्रीडी आकार) आणि टेक्स्चर (त्यावरचं रंगकाम) दुसऱ्या मॉडमध्ये वापरता येतील का? तो मॉड विकला जाणार असेल तर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं देता येतं: हो, विचारून, श्रेय देऊन किंवा अजिबात नाही. शिवाय तुम्ही दुसऱ्याचं काय वापरलंय तेही सांगावं लागतं. हा तक्ता घाईत भरू नका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये स्कायरिमची स्पेशल एडिशन ही सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा जुने मॉड तिच्यात आणायचे होते, पण कित्येक मॉडर्स तोवर खेळ सोडून गेले होते. ज्यांनी कन्व्हर्जनला आधीच हो म्हणून ठेवलं होतं त्यांचे मॉड दुसऱ्या कुणालाही पुढे नेता आले. बाकीच्यांच्या बाबतीत विचारायचं तरी कुणाला?

हा तक्ता नेक्ससच्या कुंपणाआत चालतो. बाहेर माझा पट्टा एका दुसऱ्या साइटवर जाहिरातींच्या गर्दीत सापडला, माझं नाव काढून टाकलेला. त्यांना मेल केला. उत्तर आलं नाही.

आणि आपल्या डोक्यावर गेम कंपनीचं लायसन्स असतंच. स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या क्रिएशन किट या मॉड बनवायच्या साधनाच्या अटींनुसार, तुम्ही बनवलेलं वाटायला काढलंत की ते वापरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा कायमचा हक्क कंपनीला मिळतो, तोही मोबदला न देता. तुम्ही मात्र कंपनीच्या परवानगीशिवाय ते फुकटच वाटायचं. २३ एप्रिल २०१५ ला व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम वर्कशॉप या मॉड वाटायच्या जागेवर स्कायरिमचे मॉड विकायला परवानगी मिळाली, तेव्हा मॉडरच्या हाती किमतीचे फक्त २५ टक्के यायचे. बाकीचे व्हॉल्व्ह आणि बेथेस्डाचे. त्यातला मासेमारीचा एक मॉड लगेच काढावा लागला, कारण त्यात दुसऱ्या मॉडरचं ॲनिमेशन वापरलं होतं. चार दिवसांत सगळी योजनाच मागे घेतली गेली. नेक्ससच्या तक्त्यात विक्रीचा प्रश्न वेगळा का लागतो, ते या एका प्रकरणातून कळतं. तरी बेथेस्डा परवडली असं ब्लिझार्ड या दुसऱ्या गेम कंपनीकडे पाहून वाटतं. २०२० मध्ये तिचा वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड आला, तेव्हा खेळाडूंनी बनवलेले कस्टम गेम थेट कंपनीच्या मालकीचे, असं अटींतच लिहून टाकलं. ज्या गेमच्या कस्टम नकाशातून डोटा हा गाजलेला गेम जन्माला आला, त्याच गेमच्या बाबतीत हे झालं.

आता नेक्ससबद्दलची माझी खरी तक्रार. जुलै २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे मॉडरला फाइल कायमची पुसता येणार नाही, फक्त आर्काइव्ह करता येईल. पानावरून ती दिसेनाशी होईल, पण कलेक्शनमधून, म्हणजे एकत्र लावायच्या मॉडच्या तयार यादीतून, उतरवता येईल. जुन्या फाइली कायमच्या काढून हव्या असतील तर ५ ऑगस्टपर्यंत कळवा, एवढीच मुदत. यामागचं कारण मला पटतं. शेकडो मॉड जुळवून लावलेली यादी एका माणसाने फाइल ओढून घेतल्यावर कोसळली, तर खेळणाऱ्यांचे हाल होतात, आणि तसं वारंवार व्हायचं. पण ज्यांनी वेगळ्या अटींवर वर्षानुवर्षं काम टाकलं होतं, त्यांना महिनाभराची मुदत म्हणजे अन्याय होता. कुणी आजारी असेल, कुणी मेल बघतच नसेल. नव्या फाइलींना नवा नियम आणि जुन्यांना जुना, असं सहज करता आलं असतं. अनेक जुने मॉडर त्या महिन्यात आपलं काम उचलून निघून गेले. त्यांतले काही मॉड माझ्या रोजच्या खेळातले होते, आणि त्यांची जागा अजून भरलेली नाही.

तरीही माझे पाचपैकी चार तारे. एवढे खेळाडू दुसरीकडे मिळत नाहीत, आणि बनवणाऱ्याला त्याची इच्छा रकाना रकाना करून विचारणारी जागा तर त्याहून दुर्मीळ. नवीन असाल तर ब्लेंडरची मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा आणि पुसण्याच्या नियमाची पूर्ण कल्पना असेल तेव्हाच अपलोड करा. माझ्या पट्ट्याला बदल आणि कन्व्हर्जन दोन्हीला हो आहे, श्रेय देऊन. विक्रीला नाही.