कॉमन ॲप: अर्जातच वाचता येणाऱ्या महाविद्यालयांच्या अपेक्षा

अमेरिकेतील महाविद्यालये शालेय विद्यार्थ्यात नेमके काय पाहतात, याबद्दल पालकांच्या गटांत माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच अधिक फिरतात. पुण्यातील माझ्या भाचीसोबत कॉमन ॲप या, एकाच सामायिक अर्जाने अनेक महाविद्यालयांकडे प्रवेश मागता येणाऱ्या ऑनलाइन सेवेवरचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भरल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या अर्जाच्या रकान्यांतच मिळते. म्हणून या सेवेचे परीक्षण मी त्याच अंगाने करीत आहे.

१९७५ साली १५ खाजगी महाविद्यालयांनी मिळून सुरू केलेली ही ना-नफा सेवा आज हजाराहून अधिक महाविद्यालये वापरतात. खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत, दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज खुला होतो आणि एका खात्यात २० महाविद्यालयांपर्यंत निवड करता येते. अर्जाचे शुल्क प्रत्येक महाविद्यालय आपापले ठरवते. आर्थिक अडचण असल्यास शुल्कमाफी मागण्याची सोयही अर्जातच आहे.

या अर्जातील सर्वांत बोलका भाग विद्यार्थ्याला दिसतच नाही, कारण तो शाळेने भरायचा असतो. गुणपत्रकांसोबत जाणाऱ्या शालेय अहवालात समुपदेशकाला असे विचारले जाते की, याच शाळेतील महाविद्यालयाची तयारी करणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने निवडलेले विषय कितपत कठीण आहेत. शाळा कोणते विषय शिकवते आणि गुण कसे देते, हे सांगणारी शाळेची ओळखही सोबत जोडलेली असते. म्हणजे मुलाला मिळालेल्या संधीच्या चौकटीत त्याने काय केले, हे पाहण्याची ही रचना आहे, आणि ती मला मनापासून न्याय्य वाटते. ज्या शाळेत प्रगत अभ्यासक्रम उपलब्धच नाहीत, तेथील मुलाने ते का घेतले नाहीत, हे वाचणाऱ्याला त्यामुळे कळू शकते.

उपक्रमांसाठी १० जागा आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला रिकाम्या जागा धरून १५० अक्षरे मिळतात. शिवाय आठवड्याचे किती तास आणि वर्षाचे किती आठवडे दिले, हेही लिहावे लागते. अर्ज भरण्याच्या तोंडावर घाईघाईने गोळा केलेली प्रमाणपत्रे येथे फिकी पडतात, कारण तास आणि आठवडे लिहिताना आकडे तोकडे दिसतात. दहाही जागा भरण्याची सक्ती नाही. उपक्रमांच्या प्रकारांत पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही गोष्ट मराठी पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. आजारी आजोबांची शुश्रूषा करणाऱ्या किंवा घरच्या दुकानात संध्याकाळी बसणाऱ्या मुलीने ते संकोच न करता येथे लिहावे. मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि सात विषयांपैकी एक विषय आपल्या पसंतीचा निवडता येतो.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली अशी की, कोणते महाविद्यालय कशाला किती महत्त्व देते, हे या सामायिक अर्जावरून समजत नाही. त्यासाठी अनेक महाविद्यालये दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात तो कॉमन डेटा सेट (ठरावीक नमुन्यातील माहितीपत्रक) उघडावा आणि त्यातील सी-७ हा तक्ता पाहावा. अभ्यासक्रमाचा कस, गुण, प्रवेशपरीक्षा (एसएटी किंवा एसीटी), निबंध, शिफारसपत्रे, स्वभावगुण, माजी विद्यार्थ्यांशी नाते, अर्जदाराने दाखवलेली उत्सुकता अशा प्रत्येक घटकापुढे तो अत्यंत महत्त्वाचा, महत्त्वाचा, विचारात घेतला जाणारा की न घेतला जाणारा, अशी खूण केलेली असते. कोणत्याही महागड्या सल्लागाराकडे जाण्यापूर्वी हा एक तक्ता वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी उणीव महाराष्ट्रातील मुलांना थेट भिडते. हा अर्ज नववी ते बारावी एकाच शाळेत गेली असे मनात धरून रचलेला आहे. आपल्याकडे राज्य मंडळाचा विद्यार्थी दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयात जातो, त्यामुळे गुणपत्रके दोन संस्थांकडून मिळवावी लागतात. शिफारस लिहिणाऱ्या अकरावी-बारावीच्या शिक्षकाने मुलाला जेमतेम एक वर्ष पाहिलेले असते आणि बहुतेक ठिकाणी समुपदेशक नसल्याने ते काम प्राचार्यांकडे जाते. मंडळाच्या परीक्षांचे निकाल नोंदवण्याची सोय अर्जात आहे. परंतु जेथे शेकडो मुलांची तुकडी आहे, तेथे प्राचार्यांनी एका मुलाविषयी तपशिलाने कसे लिहावे, याला अर्जात उत्तर नाही. अकरावीतच एका-दोघा शिक्षकांशी अभ्यासाच्या निमित्ताने संवाद वाढवणे आणि दहावीच्या शाळेकडून नववी-दहावीची गुणपत्रके वेळेत साक्षांकित करून घेणे, एवढेच तूर्त आपल्या हाती आहे.

पाचपैकी चार गुण मी या सेवेला देते. मात्र एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचे अर्ज स्वतंत्र आहेत आणि त्यांच्या अपेक्षाही एकसारख्या नाहीत: एमआयटीने २०२२ साली प्रवेशपरीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाचा निर्णय घेताना ते पाहतच नाही. त्या दोघांकडे अर्ज करायचा असेल, तर वेळापत्रक वेगळे आखावे.