२०१२ची सेकंड हँड सेडान : १४ महिने, १७ हजार किलोमीटर आणि खर्चाचा हिशोब

ऑगस्ट २०२४मध्ये कराडमध्येच ही गाडी घेतली. २०१२ची, १.५ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पहिलाच मालक, रीडिंग ९६ हजार, किंमत २ लाख ३५ हजार. आता रीडिंग १ लाख १३ हजार आहे. या काळात विमा, पीयूसी आणि पेट्रोल सोडून गाडीवर साधारण ८० हजार रुपये गेले. किमतीच्या एक तृतीयांश! जुनी सेडान घेणाऱ्याने हा आकडा आधीच बाजूला काढून ठेवावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बिघडलेल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही कंपनीच्या गाडीत या वयाला बिघडतात. इंजिनाला आतून हात लावावा लागला नाही, गिअरबॉक्सही उघडला नाही. गेलं ते बरंचसं रबर आणि प्लास्टिक. गाडी बघताना आपण रीडिंग बघतो. रबर मात्र किलोमीटरवर चालत नाही, ते वर्षांवर चालतं. गाडी नुसती उभी असली तरी ते कडक होतं, त्याला भेगा जातात.

पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल मिळून ७,४०० रुपये. बॅटरी ४,८००. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण कडेला छापलेले चार आकडे होते २३१६, म्हणजे २०१६च्या २३व्या आठवड्यातला माल. भेगा बोटाला लागत होत्या. चारही बदलले, २२ हजार.

मग सुरू झाला पुढच्या डाव्या चाकाचा आवाज. छोट्या खड्ड्यांवर, हळू वेगात, खट-खट. एका गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच शॉकअप (खड्ड्यांचे धक्के शोषणारे शॉक अॅब्सॉर्बर) गेलेत असं सांगितलं. जोडी बदलली, मजुरीसह ९,६००. दुसऱ्या दिवशी तोच आवाज! फार वाईट वाटलं. शेवटी एका ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, लिंक रॉड (चाकाजवळच्या सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) हाताने हलवला आणि मला हात लावून बघायला सांगितलं. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट पूर्ण सैल. “सर, शॉकअप गेला असता तर तेल गळलेलं दिसलं असतं, आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलली असती. हा आवाज लिंक रॉडचा.” दोन्ही लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश प्रेस करून आणि अलाइनमेंट, सगळं ५,६००मध्ये झालं. तेव्हापासून माझा नियम आहे : मेस्त्री शेजारी बसून एक चक्कर मारत नाही, तोवर पार्ट आणायचा नाही.

सगळ्यात गंभीर प्रसंग मे महिन्यातला. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात चढाला वाहनं अडकलेली, एसी चालू, मागे आई बसलेली. टेंपरेचरचा काटा अर्ध्यावरून वर सरकताना दिसला. लगेच एसी बंद केला, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर वाढवला, जागा मिळताच गाडी कडेला घेऊन बंद केली. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. उन्हात फार त्रास झाला, पण त्या काही मिनिटांनी इंजिन वाचलं. तसंच पुढे रेटलं असतं तर इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याखालचं सील (हेड गॅस्केट) जातं, आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

तपासल्यावर दोन कारणं सापडली. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीला केसाएवढी चीर होती आणि फॅनची मोटर अडकत होती. हायवेवर समोरून वारा लागतो, त्यामुळे फॅन मेला तरी कळत नाही. गाडी उभी राहिली की कळतं. शिवाय आत कूलंटऐवजी साधं पाणी, तेही गंजाने तपकिरी झालेलं. कूलंटने गंज थांबतो आणि उकळबिंदू वाढतो. मी घेताना बाटलीतली पातळी बघितली, रंग बघितला नाही. रेडिएटर, फॅन मोटर, थर्मोस्टॅट, होज आणि कूलंट मिळून १०,३०० रुपये. गाडी बघायला जाल तेव्हा एसी लावून ती पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि फॅन किती वेळाने फिरतो ते बघा. यासाठी एक पैसा लागत नाही.

एसीचं थोडक्यात : गॅस भरला (१,८००), दीड महिन्यात गेला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. कूलिंग कॉइल गळत होती. ती डॅशबोर्डच्या मागे असते, म्हणून अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कॉइल, मजुरी, नवीन गॅस : ११,८००. रिव्हर्स टाकताना स्टेअरिंग थरथरायचं, ते इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) खराब झाल्यामुळे, ४,२००. एका पावसाळी सकाळी मिसफायर सुरू झाला, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं, तेव्हा स्पार्क प्लगला वीज देणारी एक इग्निशन कॉइल बदलली, २,१००.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझी गाडी त्याच्या आधीच्या काळातली, आणि इथेनॉलने जुनं रबर खराब होऊ शकतं, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघायला लावतो. अजून गळती नाही. अॅव्हरेज गावात ११-१२, हायवेला १६-१७.

कागदांचंही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. माझी नोंदणी मार्च २०२७मध्ये १५ वर्षांची होईल. पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये आहे, शिवाय तपासणी आणि पर्यावरण कर.

एवढा खर्च होऊनही गाडी विकावीशी वाटत नाही. आईला गुडघ्यांमुळे उंच गाडीत चढता येत नाही, या सीटवर ती सहज बसते. डिकीत तिची व्हीलचेअर मावते. १०० च्या वेगात गाडी रस्त्याला चिकटून चालते.

सध्या क्लचचं पेडल फार वर आल्यावरच गाडी उचलते, म्हणजे क्लच झिजलाय. मेस्त्री म्हणतात, अजून चार-पाच हजार किलोमीटर जाईल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट एकदमच बदलणार आहे, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नाही.