सायलेन्सर बदलून सात महिने झाले: आवाज ठीक, पिकअप ठीक, पण तळाला भोक नव्हतं

चौथ्या महिन्यात पिकअप पडला तेव्हा सगळ्या शिव्या सायलेन्सरनेच खाल्ल्या. त्यातल्या निम्म्या परत घेतोय. उरलेल्या निम्म्या तशाच राहतील, कारण खाली येईलच.

गाडी बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांतली), सहा टायर, कमिन्सचं ५.९ लिटर टर्बो इंजिन, कामाला लोकल डिलिव्हरी. जुन्या सायलेन्सरमधले बफल, म्हणजे आतले आडवे पत्रे, सुटून खुळखुळत होते. कंपनीच्या मालाच्या जवळपास निम्म्या भावात ॲल्युमिनियम-कोटेड पत्र्याचा, ४ इंची तोंडाचा, तीन चेंबरचा डबा मिळाला, तोच घेतला. बीएस-६ वाल्यांनी, आणि बीएस-४ मध्ये युरिया लागणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी, हे वाचून ड्रिल उचलू नये. तुमच्या डब्यात आवाज कमी करण्यापलीकडे बरंच काही भरलेलं असतं.

मापाचं आधी. ३ इंची स्वस्त पडतो, ‘रिड्यूसर टाकून बसवून देतो’ असं दुकानात हमखास सांगतात. १३० एचपीच्या आसपासच्या इंजिनातून पूर्ण लोडवर, साधारण ४५० अंशांना तापलेला वायू मिनिटाला २० घनमीटरच्या घरात बाहेर पडतो. ४ इंची पाइपात त्याचा वेग सेकंदाला ४१ मीटरच्या आसपास, ३ इंचीत ७३. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिपटीहून जास्त. ‘थोडं बॅकप्रेशर हवंच’ हे वाक्य टर्बोवाल्या गाडीपाशी बोलूच नये. टर्बोची टर्बाइन धुराने फिरते आणि इंजिनात हवा कोंबते, आणि ती फिरते पुढच्या-मागच्या दाबाच्या फरकावर. मागे दाब साचला की बूस्ट पडतो, हवा कमी मिळते, काळा धूर येतो आणि इंजिन तापतं.

आत काचेची लोकर भरलेला स्ट्रेट-थ्रू, म्हणजे आरपार सरळ नळीचा, प्रकारही मिळतो. दाब कमी, पण काजळीने लोकर गच्च होते, मग तुकडे होऊन उडून जाते आणि केबिन घुमायला लागते. रोज आठ तास त्यात बसायचं असेल तर नको.

आता पिकअपची गोष्ट. घाटात गाडी दम तोडायला लागली, धूर काळा. मिस्त्रीचा निकाल तयार: ‘स्वस्तातला सायलेन्सर, जॅम झाला.’ असल्या निकालापेक्षा पाणी खरं बोलतं, मागे साचलेला दाब त्यानेच मापायचा. एक्झॉस्ट ब्रेकच्या (धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकच्या) व्हॉल्व्हच्या सायलेन्सरकडच्या बाजूला, सरळ पाइपावर नट वेल्ड करायचा (वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या). त्यात मीटरभर तांब्याची नळी बसवायची, म्हणजे वायू थंड होतो, आणि तिला गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी जोडायची. नळी यू आकारात उभी बांधायची, दोन्ही बाजू मीटरभर उंच, निम्म्यापर्यंत पाणी. दोन पातळ्यांत १ मीटर फरक म्हणजे साधारण १० किलोपास्कल, आणि अशा इंजिनाला त्याहून जास्त चालत नाही. मापायचं लोड भरून, चढावर, दुसऱ्या माणसाने. उभ्या गाडीत रेस देऊन आलेला आकडा फसवा असतो. नट चुकून व्हॉल्व्हच्या इंजिनाकडच्या बाजूला लावलात तर ब्रेक दाबताच पाणी केबिनच्या छताला लागेल.

या गाडीत ब्रेक न दाबताच पाणी नळीबाहेर उडालं, म्हणजे दाब मर्यादेच्या वर. मग दुसरा नट अगदी सायलेन्सरच्या तोंडाशी लावला. तिथे फरक फक्त ४६ सेंटीमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त दाब सायलेन्सरच्या आधीच अडकत होता. बेलो, म्हणजे सायलेन्सरच्या आधीचा पाइपाचा लवचीक तुकडा, काढून आत टॉर्च मारला तर आतलं जाळीचं अस्तर सुटून गोळा झालेलं, आरपार जेमतेम दोन बोटांएवढी वाट. नवा बेलो बसवला, पहिल्या नटावर ५८ सेंटीमीटर. पिकअप परत आला. सायलेन्सर सुटला, निर्दोष.

पण बेलोसाठी तो खाली उतरवून तिरका केला, तेव्हा आतून लिटरभर काळं पाणी गॅरेजच्या फरशीवर सांडलं.

ही गोष्ट मात्र माफ नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्याच्या गाडीत डबा तापलेला राहतो, वाफ निघून जाते. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा पुरता तापतच नाही आणि पाणी चेंबरच्या तळाशी बसतं. हल्ली पंपावर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, त्यामुळे हे पाणी बीएस-३ च्या काळाइतकं आम्लट नसतं. पण पाणी तेवढंच, आणि पत्र्याला तेवढं पुरतं. कोटिंग बाहेरून कितीही चकचकीत असो, वेल्डच्या रेघेवर ते जळलेलंच असतं. गंज तिथून धरतो, आतून, दिसत नाही. ३ मिलिमीटरचं भोक पाडायला कारखान्यात किती खर्च आला असता? विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, ‘भोक पाडलंत तर वॉरंटी जाईल.’ वॉरंटी सहा महिन्यांची! जाऊ दे.

भोक एक पाडून भागत नाही. बफलच्या तळाला खाच नसेल तर प्रत्येक चेंबरचं पाणी वेगळं साचतं. हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत जायचं. पोकळ आवाज बदलून टणक होतो तिथे बफल, त्याच्या इंजिनाकडच्या अंगाला, कारण डबा मागे उतरता बसतो, एकेक भोक. शेवटचं मागच्या झाकणालगत. एकूण तीन. ३.५ चं बिट पुरे. ६ चं मारलंत तर फुसफुस ऐकू येते आणि चासीवर काजळीचा पट्टा उठतो. कडेला तापमान सोसणारा ॲल्युमिनियम रंग लावायचा. आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही.

बसवताना मिस्त्री हमखास चुकतो ते एवढंच: क्लॅम्प एकेक करून आवळत पाइप ओढून जुळवतो. सगळं आधी सैल लटकवा, मग टर्बोकडून मागे आवळत या, २०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. वजन हँगरच्या रबरांवर हवं. टर्बोच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) आलं की तिचे स्टड तुटतात. शेपटीचं तोंड मागे किंवा उजवीकडे काढा. डावीकडे किंवा खाली धूर सोडायला नियमात परवानगी नाही, पासिंगला अडवतात.

भोकं पाडून तीन महिने झाले. सकाळी गाडी चालू केली की तिन्हींतून काळे थेंब पडतात. ग्रीसिंगच्या दिवशी सायकलच्या स्पोकने भोकं मोकळी करावी लागतात, मधलं सगळ्यात आधी काजळीने बुजतं.