पवनाकाठची खोली आणि अकरा महिन्यांचे भाडे

पवना धरणाच्या जलाशयाकाठी रिसॉर्टमधील एक खोली विकत घ्यावी, वर्षातले ३० दिवस तिथे आपण राहावे आणि उरलेले दिवस ती कंपनीकडे सोपवून दरमहा भाडे घ्यावे, असा प्रस्ताव आमच्यापुढे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा यांना निवृत्त होऊन जेमतेम चार महिने झाले होते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत मुदत ठेवीत होती. आम्ही चिंचवडला राहतो. ज्या पवनेचे पाणी आमच्या नळाला येते तिच्याच काठी आपली एक खोली असावी, या कल्पनेने आम्ही दोघेही फार सुखावलो. त्या खोलीपायी आमचे ४२ लाख रुपये आज अडकून पडले आहेत. प्रकरण चौकशीत असल्यामुळे कंपनीचे नाव इथे देत नाही, मात्र सारे कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

जागा दाखवायला कंपनीची गाडी घरापर्यंत आली होती. जलाशय काठोकाठ भरलेला, समोर तुंगचा सुळका ढगात शिरलेला आणि नमुना खोलीच्या गॅलरीपासून पाणी तीस-चाळीस पावलांवर. खोलीची किंमत ४२ लाख, त्यावर वर्षाला आठ टक्के म्हणजे महिन्याला २८,००० रुपये भाडे नऊ वर्षे निश्चित, असे छापील पत्रकात लिहिले होते. खोलीला पाहुणे मिळोत वा न मिळोत, भाडे मिळणारच, असे त्यांनी दोनदा सांगितले. तशाच खोलीची त्या भागातली किंमत काय आहे, याची चौकशी आम्ही तेव्हा केली नाही. पुढे केली, तेव्हा ती २७-२८ लाखांच्या आसपास निघाली.

आम्हाला सावध करू शकले असते असे प्रत्येक साधन त्यांनी सवलतीच्या नावाखाली आमच्या हातून काढून घेतले, हे आता मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. निम्म्या रकमेचे कर्ज काढावे असा आमचा विचार होता. त्यावर तो विक्री प्रतिनिधी म्हणाला, "काकू, घरात पैसे असताना व्याज कशाला भरता? सगळी रक्कम एकदम दिलीत तर फर्निचर आमच्याकडून." कर्ज मागितले असते तर बँकेच्या वकिलाने जमिनीची कागदपत्रे तपासली असती आणि प्रकरण तिथेच थांबले असते. नोंदणीकृत करारनाम्याबद्दल यांनी विचारले, तेव्हा मुद्रांक शुल्काचा खर्च ताबा मिळेपर्यंत लांबवू, तोवर नोटरीसमोर करार करू, असे उत्तर मिळाले. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याचे कलम १३ सांगते. आम्ही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर पूर्ण ४२ लाख देऊन मोकळे झालो. पत्रकावर महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, प्रकल्प नोंदणी क्रमांकही होता. तो खरा होता, परंतु त्याच मंडळींच्या दुसऱ्या गावातल्या इमारतीचा होता. संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

एप्रिल २०२३ पासून दर महिन्याच्या पाच तारखेला २८,००० रुपये येऊ लागले आणि आमच्या मनात उरलीसुरली जी शंका होती तीही गेली. मे महिन्यात चार दिवस राहायला गेलो. पाणी दूर मागे हटले होते आणि मध्ये भेगाळलेला गाळ पसरला होता. यात कोणाचा दोष नाही. धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागवते, उन्हाळ्यात ते उतरणारच. मात्र खोलीतल्या दोन्ही गाद्यांवर दुकानातून आलेले प्लास्टिकचे वेष्टन तसेच होते, न्हाणीघरातल्या नळावरचा कागदही निघालेला नव्हता. ज्या खोलीत एकही पाहुणा उतरला नाही, तिचे भाडे आम्हाला कुठून येते, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. मी वेष्टन काढले, चादर घातली आणि परत आल्यावर नणंदेला या योजनेची शिफारस केली. तिने ४ लाख भरून खोली नोंदवली. आमच्या पैशांपेक्षा तिच्या पैशांचे दुःख मला अधिक आहे.

फेब्रुवारी २०२४ चे भाडे अकरावे आणि शेवटचे ठरले. त्यानंतर आधी बँकेची अडचण, मग लेखापरीक्षण, मग नवी व्यवस्थापन कंपनी, अशी कारणे मिळत गेली. आयकर विवरणपत्र भरताना आमच्या सीएने विचारले, की वर्षाला तीन लाखांहून अधिक भाडे देणाऱ्या कंपनीने त्यावर कर कापल्याची नोंद २६एएसमध्ये, म्हणजे कापलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या पत्रकात, कशी नाही? त्या प्रश्नावरून आम्ही पासबुक घेऊन बसलो, आणि नणंदेने ज्या खात्यात ४ लाख भरले होते त्याच खात्यातून आमचे भाडे येत होते, हे लक्षात आले. अकरा महिन्यांत मिळालेले ३ लाख ८ हजार रुपये हे खोलीचे भाडे नव्हतेच. ते आमचे आणि आमच्यामागून आलेल्यांचे मुद्दल होते.

मग १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. इमारतीखालची जमीन शेतीची, भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी. अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज वापराच्या, परवान्याची नोंद कुठेच नाही. आराखड्यात जिथे बाग आणि लाकडी धक्का रंगवला होता, तो पाण्यालगतचा पट्टा धरणासाठी संपादित केलेला असून तो जलसंपदा विभागाच्या नावे आहे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती वापरण्याची परवानगी, नाही. १५ रुपयांचा हा कागद ४२ लाख देण्याआधी काढला असता तर यातले बहुतेक सारे तेव्हाच कळले असते.

आम्ही २३ जणांनी मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे फिर्याद दिली आहे आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा या प्रकरणात लावावा अशी मागणी केली आहे. प्रत्येकी ५,००० रुपये शुल्क भरून महारेराकडेही तक्रारी केल्या आहेत. अशा योजनेत ज्यांचे पैसे आधीच गुंतले आहेत त्यांनी पावत्या, पत्रके आणि मोबाईलवरचे संदेश जपून ठेवावेत. भाडे थांबल्यावर कंपनीची माणसे "सुधारित करार" घेऊन घरी येतात. त्यात थकलेली रक्कम हप्त्यांनी देण्याचे आश्वासन वर असते आणि पूर्वीचे सर्व दावे सोडून दिल्याचे कलम शेवटच्या पानावर असते. आमच्यातल्या चौघांनी त्यावर सही केली, त्यांना एकही हप्ता मिळालेला नाही आणि आता त्यांच्या तक्रारींना उत्तर म्हणून तोच कागद पुढे केला जात आहे.