किचनचा वजनकाटा: मैत्रिणींच्या रेसिपीज आणि बागेतल्या भाज्यांवर आठ महिने वापरून

माझ्या एका मैत्रिणीचा टोमॅटो सॉस मी सहा वेळा केला आणि सहाही वेळा वेगळंच काहीतरी झालं. एकदा सूप झालं, एकदा जॅम, एकदा इतका खारट की सरळ फेकून दिला. तिला विचारलं की एकच उत्तर, "अगं सोप्पंय, पातेलंभर टोमॅटो घे, मूठभर बेझिल, मीठ अंदाजे आणि दाट झाला की बंद कर." आता तिचं पातेलं केवढं, मूठ कुणाची आणि दाट म्हणजे नक्की किती, हे विचारायला गेलं तर म्हणते तुला स्वयंपाक येतो ना मग कळतंच की. नाही कळत बाई! शेवटी डोकं फिरलं आणि वजनकाटा मागवला.

साधाच आहे. सपाट, वरून काच, 5 किलोपर्यंत वजन घेतो, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, दोनच बटणं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण असे एकसारखे दिसणारे काटे ढीगभर नावांनी मिळतात आणि माझं म्हणणं बहुतेक सगळ्यांना लागू आहे. आत एक छोटी धातूची पट्टी असते, वजन पडलं की ती नजरेला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. हे एवढ्यासाठी सांगतेय की बिघडण्याची अर्धी कारणं त्या पट्टीशीच येऊन थांबतात, ते पुढे येईलच.

तर पहिलं काम काय केलं, काटा पिशवीत घातला आणि थेट मैत्रिणीच्या घरी. म्हटलं तू नेहमीसारखा सॉस कर, माझ्याकडे बघूच नकोस. ती टोमॅटो चिरत होती, मी पातेलं काट्यावर ठेवून टेअर दाबून बसले (टेअर म्हणजे भांड्याचं वजन शून्य करायचं बटण, अख्ख्या काट्यात हेच एक बटण खरं कामाचं). देठं काढून टोमॅटो 2,040 ग्रॅम. बेझिलची तिची ती प्रसिद्ध मूठ भरली 18 ग्रॅम. मिठाचं कसं करायचं हा प्रश्न होता, कारण ती मीठ हातानेच टाकते, चार वेळा, मधेमधे चाखत. तर मी मिठाची बरणीच काट्यावर ठेवली आणि शून्य करून टाकली. तिने चिमूट उचलली की काटा उणे 3, परत उचलली की उणे 5, शेवटी उणे 11 वर थांबली. "काय गं, झडती घेतेस का माझी," म्हणाली, पण हसत होती. सॉस झाला तेव्हा भरला 920 ग्रॅम.

म्हणजे तिचं ते "दाट झाला की" हे मूळ वजनाच्या 45 टक्क्यांवर होतं! टोमॅटोत जवळपास 95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे सगळी मेख किती पाणी उडवलं यात आहे, आणि नेमकं तेच मी इतके दिवस डोळ्यांनी ठरवत होते. आता मी काय करते, पातेल्याचं रिकामं वजन एका चिकटपट्टीवर लिहून ती पातेल्याच्या बुडाला नको, कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलीये. माझं पातेलं 1,180 ग्रॅमचं. परवा बागेतून 1,300 ग्रॅम टोमॅटो निघाले, त्याचे 45 टक्के म्हणजे 585, म्हणजे पातेल्यासकट काटा 1,765 च्या आसपास आला की गॅस बंद. मीठ मी शेवटी घालते, उरलेल्या सॉसच्या सव्वा टक्का, तिच्या हिशोबाने तेवढंच बसतं. सुरुवातीला मीठ घालून मग आटवलं की पाणी जातं आणि मीठ मात्र तेवढंच राहतं, माझा तो फेकलेला सॉस यानेच गेला होता.

आणि मला हा काटा आवडायचं खरं कारण हेच. रेसिपी म्हणते 1 किलो, बाग देते 730 ग्रॅम. बागेला तुमच्या रेसिपीशी काही देणंघेणं नसतं. एका आठवड्यात बेझिल ओसंडून वाहतंय आणि पुढच्या आठवड्यात किड्यांनी चाळण केलेली चार पानं. बाजारातून आणताना आपण रेसिपीप्रमाणे आणतो, इथे उलटं आहे, जे निघालं त्याला रेसिपी बसवायची. ग्रॅममधे असेल तर कॅल्क्युलेटरवर 0.73 ने गुणलं की झालं. "दोन मध्यम झुकिनी" याला कशाने गुणणार? माझ्याकडे एक झुकिनी पानाखाली लपून बसली होती, सापडली तेव्हा 1,900 ग्रॅम होती, एकटी. ती मध्यम धरायची का चार?

मटाराचंही तसंच. कॉलेजच्या एका मित्राने सूपची रेसिपी पाठवली, "अर्धा किलो मटार". शेंगांसकट की सोलून, हे लिहिलेलंच नाही. एक किलो शेंगा सोलल्या की साडेतीनशे चारशे ग्रॅम दाणे हातात येतात, म्हणजे फरक साधासुधा नाही. विचारलं तर म्हणे फ्रोजनचं पाकीट. घ्या! पण एक सांगते, घरचे मटार असतील तर वजनबिजन करत बसू नका फार, तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, पाणी उकळायला ठेवूनच तोडायला जा.

आता पावाची गोष्ट, कारण त्यात मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. ऑफिसातल्या मैत्रिणीचा रोझमेरी घातलेला पाव, अप्रतिम असतो, आणि रोझमेरी माझ्या कुंडीतलीच नेते ती. तिची रेसिपी तीन कप मैदा, 350 ग्रॅम पाणी (पाणी ग्रॅममधे आणि मैदा कपात, का ते तिलाच ठाऊक). मी कपात चमच्याने हलकेच मैदा भरायचे, सपाट करायचे, सगळं नीट. तरी कणीक कसली, खळ व्हायची, पुस्तकं चिकटवा. तिला म्हटलं तुझा एक कप भरून काट्यावर ठेव आणि फोटो पाठव. 165 ग्रॅम! ती कप डब्यात खुपसून दाबून भरते. माझा कप 120 ग्रॅमचा. म्हणजे तिचा मैदा 495, माझा 360, पाणी दोघींचं तेवढंच, तिचं पाणी मैद्याच्या 71 टक्के आणि माझं 97. पाव कुठून होणार. आणि हे तर एकाच मापाच्या कपाचं झालं, मुळात कप सुद्धा जगात एक नाहीये, अमेरिकन कप साधारण 237 मिली, मेट्रिक 250, जपानी 200. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी 15 मिली, ऑस्ट्रेलियात 20. परदेशातल्या मित्रमैत्रिणींकडून रेसिपी घेत असाल तर हे आधी विचारा.

मिठाचं तर विचारूच नका. बारीक मीठ सपाट छोटा चमचा म्हणजे 6 ग्रॅमच्या आसपास, तेच पापुद्र्यासारखं मोठं मीठ तेवढ्याच चमच्यात निम्मंच भरतं. साध्या भाजीत चालून जातं, चाखून सुधारता येतं. पण काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवायच्या असतील तर चाखून चालत नाही, मीठ कमी पडलं तर बुळबुळीत होऊन सडतात आणि जास्त झालं तर आंबतच नाहीत नीट. हे मी एका शेजारणीकडून शिकले, ती "मूठभर" म्हणाली होती, आता मी काकडी अधिक पाणी मिळून जे वजन येईल त्याच्या अडीच टक्के मीठ घेते. 600 ग्रॅम काकडी, 400 पाणी, 25 ग्रॅम मीठ. एकही बरणी वाया गेलेली नाही त्यानंतर. (काकडीचं फुलाकडचं टोक एक-दोन मिलिमीटर कापून टाका, देठाकडचं नव्हे, फुलाकडचं. तिथल्या एन्झाइम्समुळे काकडी मऊ पडते. हे काट्याशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आता तक्रारी, आणि आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे तो दोन मिनिटांत स्वतःहून बंद होतो. भांडं ठेवलं, टेअर केलं, टोमॅटो घातले, मग लसूण सोलायला घेतला, वर बघते तर स्क्रीन काळी. परत चालू केला की भांडं टोमॅटोसकट शून्य! आधीचा आकडा गेला. मी आता प्रत्येक आकडा लगेच वहीत लिहिते, पण हे मी करायचं की काट्याने? काही काट्यांत ही वेळ वाढवता येते, माझ्यात नाही. घेताना हे बघाच.

दुसरं, थोडं थोडं वजन त्याला कळतच नाही. 3 ग्रॅम यीस्ट हळूहळू शिंपडत घातलं तर काटा शून्यावरच बसून राहतो, कारण अगदी बारीक बदल म्हणजे आपल्याच आकड्याची चुळबूळ आहे असं समजून तो ते शून्यात गिळून टाकतो. एकदा मी अशी यीस्ट घालतच राहिले, कणीक भांड्यातून बाहेर आली. उपाय म्हणजे वाटीत एकदम घाला, किंवा ते बरणीचं उणेवालं करा, त्यातही एका झटक्यात उचला. मसाले, यीस्ट वगैरे रोज लागत असेल तर 0.1 ग्रॅमवाला छोटा खिशातला काटा वेगळा घ्यावा लागतो, याच्याकडून ती अपेक्षा नको.

तिसरं, स्क्रीन. मोठं भांडं ठेवलं की आकडा त्याच्या खाली. वाकून, मान तिरकी करून, मोबाइलचा टॉर्च मारून बघायचं. मी खाली एक लहान वाटी पालथी घालून त्यावर भांडं ठेवते, जुगाड आहे पण चालतं.

मिली दाखवणारं युनिट आहे त्यात, ते वापरूच नका. तो बिचारा सगळ्याला पाणी समजतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, 250 मिली तेल 230 ग्रॅमच भरतं, मध उलट बराच जड. मी एका मैत्रिणीच्या सॅलड ड्रेसिंगमधे मध मिलीवर मोजला होता, चवीला कमी पडला तेव्हा लक्षात आलं.

गरम पातेलं थेट ठेवू नका, ती आतली पट्टी तापली की आकडा सरकायला लागतो. मी लाकडी पाट खाली ठेवून टेअर करते. फडक्यावरही ठेवू नका, पाय नीट टेकत नाहीत आणि काहीही दाखवतो. सेल संपत आले की आकडे नाचतात, काटा बिघडला म्हणून परत करायच्या आधी सेल बदलून बघा (मी परत करायला निघाले होते, पॅकिंग सुद्धा झालं होतं). बरोबर दाखवतोय का हे तपासायचं असेल तर खुणांचं मापाचं भांडं घ्या, टेअर करा, 500 मिली पाणी ओता, 500 च्या अगदी जवळ यायला हवं. माझा 498 दाखवतो, त्यात माझ्या डोळ्यांचीही चूक असेल.

धुण्याचं म्हणाल तर धुवायचाच नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. काच असल्याने टोमॅटोचे डाग निघतात. बटणांच्या कडेला मात्र पीठ साचतं, ते मी टूथपिकने काढते.

जे काट्याने जमत नाही तेही सांगते म्हणजे कुणी मला नंतर बोलायला नको. मिरच्या. रेसिपीत 20 ग्रॅम हिरवी मिरची लिहिली म्हणून 20 ग्रॅम मोजून घातली, घरादाराच्या डोळ्यांतून पाणी. एकाच झाडाच्या मिरच्या वेगवेगळ्या तिखट निघतात, आणि तिखटपणा बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांमधे असतो, त्यामुळे त्या किती खरवडल्या यावर सगळं. तिथे एक तुकडा जिभेला लावून बघणं हाच काटा. बेझिलचंही, फुलोऱ्यावर आलेल्या झाडाची पानं वजनाला तेवढीच पण चवीला उग्र. (आणि बेझिल फ्रिजमधे ठेवू नका हो, थंडीने काळं पडतं, पाण्याच्या ग्लासात देठं बुडवून बाहेर ठेवा.)

पाचपैकी चार स्टार. एक त्या दोन मिनिटांचा कापला. ज्यांच्याकडे रेसिपीज मित्रमैत्रिणींच्या बोलण्यातून येतात आणि भाज्या बागेतून, त्यांनी घ्या. जे पाकिटावरची कृती बघून करतात त्यांना फारसा उपयोग नाही, आणि ज्यांचा अंदाज जन्मजात पक्का आहे त्यांना तर अजिबातच नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं. परवा त्या सॉसवाल्या मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, माझ्या सॉसची रेसिपी तुझ्याकडे लिहिलेली आहे ना, जरा ग्रॅममधे पाठव, यावेळी पातळच राहिला."