गावात विचारावं की फडावर?

बीडच्या ऊसतोड मजुरांच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेवर, पीएचडी करताना माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पावसाळ्यात धारूर-वडवणीकडच्या गावांत मुलाखती घ्यायच्या, किंवा दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, जायचं.

फडावर काम डोळ्यांनी दिसतं. पण पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईला तासभर प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं, आणि मजुरांची टोळी आणणारा मुकादम जवळच उभा असतो.

गावात ओसरीवर निवांत बोलणं होतं. नवरा-बायकोच्या जोडीला १ कोयता म्हणतात. त्या कोयत्यावर उचल किती घेतली, लग्नात किती गेली, दवाखान्यात किती, मागची किती फिटायची राहिली, हे बायकाच नीट सांगतात. आकडे आठवणीतले, म्हणून थोडे सैल. तरी मी गावच निवडलं. फडावर ८ दिवस जाईन, तोडलेल्या उसाच्या वजनाच्या पावत्या ताडून बघायला, कारण मजुरी वजनावर मिळते आणि त्यातूनच उचल फिटते.